दहाव्याला वाजलेले स्पीकर

शेजारी कुणी गेलं की आमच्या गल्लीत दहावा होईपर्यंत गाणी लागत नाहीत. टीव्हीसुद्धा बारीक आवाजात. हा नियम कुणी केलेला नाही आणि कुणी मोडलेलाही नव्हता. तो मी मोडला. जन्मभर पोरांना शिस्त लावत फिरलेला मास्तर मी.

मलकापुरात आमची रो-हाउसची रांग आहे. आमच्या आणि सुभेदारांच्या घरात एकच भिंत. ते फौजेतून निवृत्त, मी शाळेतून. माझ्या बायकोचं सांगलीला ऑपरेशन झालं तेव्हा आठ दिवस माझ्याबरोबर दवाखान्याच्या बाकड्यावर बसून राहिलेला हा माणूस. घरी जा म्हटलं तर म्हणायचे, "ड्युटी हाय मास्तर, गप बसा."

निवृत्तीनंतर मला एकच हौस करायची होती, चांगल्या स्पीकरवर शास्त्रीय गाणं ऐकायचं. चार महिने मी घोळ घातला. जमिनीवर उभे राहणारे मोठे घ्यावेत की छोटे? आमचा हॉल दहा बाय बारा. त्यात मोठे आणणं म्हणजे खुराड्यात म्हैस बांधणं. शेवटी छोटी जोडी मागवली, आणि खुर्चीत बसल्यावर कान येतात तेवढ्या उंचीचे लोखंडी स्टँड वेल्डरकडून करून घेतले. पसंत पडले नाहीत तर दहा दिवसांत परत करायची सोय होती.

स्पीकर दुपारी आले आणि त्याच संध्याकाळी सुभेदार गेले. छातीत कळ आली, गाडी काढेपर्यंत संपलं होतं.

तीन दिवस मी खरोखर रडलो. चौथ्या दिवशी खोका उघडला. नुसतं मांडून बघायला काय हरकत आहे, असं स्वतःलाच म्हटलं. टेप घेऊन अंतरं मोजली, दोन स्पीकर आणि माझी खुर्ची, तिन्ही बाजू सारख्या. तोंडं जराशी आत वळवली. वाजवायचं तेवढं राहिलं, आणि बारीक आवाजात स्पीकर कळत नाही. मग मी हिशेब घातला. परतीची मुदत संपत होती बरोबर दहाव्याच्या दिवशी. मित्राच्या मरणाचे दिवस मी खोका परत करण्यासाठी मोजत होतो. हे लिहितानाही लाज वाटते.

दहाव्याला गल्लीतली सगळी माणसं कराडच्या संगमावर निघाली. मी कमरेवर हात ठेवून दारात उभा राहिलो आणि म्हणालो, पाठ धरलीय, स्टँड उचलताना लचकली. सुभेदारांचा थोरला मुलगाच मला समजावायला लागला, "मास्तर, तुमी पडून ऱ्हावा. आमी हाय की." बायकोनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती गाडीत बसली.

गाड्या गेल्या. मी खिडक्या लावल्या आणि तोडी लावली.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. तंबोरे सुरू झाले आणि गाणारा समोरच्या भिंतीपाशी येऊन बसल्यासारखा वाटला. खर्ज मात्र घुमत होता. स्पीकर भिंतीला फार खेटले होते, म्हणून वीतभर पुढे ओढले. घुमणं कमी झालं. आवाज वाढवला, आणखी वाढवला. वरच्या सुरांत आवाज कर्कश होत होता. पुन्हा फिरवून पाहिलं, खुर्ची मागे नेली, तरी तेच. तासाभरानं ठरवलं, ही जोडी आपल्याला नको. बंद केली आणि थर्माकोल आणायला मागच्या दारी गेलो.

कमरेएवढ्या कंपाउंडच्या पलीकडे सुभेदारांच्या पत्नी, आमच्या वहिनी, उभ्या होत्या. सकाळी त्यांना चक्कर आली म्हणून मुलांनी घरीच ठेवलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, मी विचारलंही नव्हतं.

"बंद का केलंसा मास्तर?" त्या म्हणाल्या. "लई चांगलं भजन हुतं. सगळी गेली आन घर खायाला उठलं हुतं. मग तुमचं सुरू झालं. वाटलं, मास्तरनी त्यास्नी निरोप दिला."

खरं बोलायची वेळ तीच होती. मी म्हणालो, "व्हय वहिनी."

दुपारी सगळे परतले. कावळा काही केल्या शिवत नव्हता म्हणे. आईला सांभाळतो, भावाला अंतर देत नाही, मुलांनी सगळं बोलून पाहिलं. शेवटी अकराच्या सुमारास शिवला. वहिनींनी लगेच जुळवलं, "तवाच मास्तरांचं भजन चाललं हुतं." थोरला मुलगा आत आला, माझ्या पाया पडला आणि कितीतरी वेळ उठेना. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. दुसरं काय करणार?

तो गेल्यावर बायकोनं चहाचा कप पुढे ठेवला आणि विचारलं, "पाठ कशी आहे?" त्यानंतर तिनं तो विषय काढलेला नाही. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

मुदत त्या संध्याकाळी संपली. स्पीकर परत पाठवणं शक्यच नव्हतं, कारण वहिनींनी सांगितलं होतं, सकाळी लावत जा. मी रोज लावतो. वरचे सूर आजही टोचतात. मागच्या भिंतीला जाड पडदा लावला, तेवढा थोडा फरक पडला. दोनदा खरं सांगायचं ठरवून पलीकडे गेलो आणि चहा पिऊन आलो. त्यांना आता त्या एका सकाळचाच आधार आहे. तो काढून घेऊन मी मोकळा होणार, म्हणजे तेही माझ्याच सोयीचं.

परवा तोडी संपली तेव्हा वहिनी मागच्या दारी आल्या. तब्येत अलीकडे बरी नसते त्यांची.

"मास्तर, माझ्या दहाव्याला बी असंच लावा," त्या म्हणाल्या. "घाटावर येऊ नगासा. तिथं काय, सगळीच येत्यात."

मी बरं म्हणालो.