घाटाखाली ब्रेक मोजताना

घाटाच्या पायथ्याशी खालापूरला मी आरटीओचा निरीक्षक म्हणून एक मालट्रक तपासत होतो. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला आणि गाडीखाली आडवा होऊन मी ब्रेकचा दांडा किती सरकतो ते मोजलं. तो फारच सरकत होता, म्हणजे ब्रेक नीट धरत नव्हते.

"गाडी घाटात जाणार नाही," मी बाहेर येऊन म्हणालो.

मागून कारनं आलेल्या ट्रकमालकानं ड्रायव्हरच्या थोबाडीत मारली. "तूच चुगली केलीस!" मग त्यानं चाकाचे नट खोलायची लोखंडी टॉमी उगारली. मी मध्ये पडलो आणि तिच्या फटक्यानं माझं उजवं मनगट मोडलं. तेवढ्यात ड्रायव्हरनं मालकाचा गळा धरून त्याचं डोकं चाकावर आपटलं.

"ब्रेक लागत नाय, किती येळा सांगितलं रं तुला!"

"सोड, मरेल तो!" मी ओरडलो. त्यानं सोडलं आणि तो तिथंच बसून रडायला लागला. पोलीस येईपर्यंत मी डाव्या हातानं तपासणीच्या कागदावर दांडा किती सरकला तो आकडा वेडावाकडा लिहिला. गाडी अडवून ठेवायला तो पुरला.