मामाजींनी वगळलेलं गाव

मी चाळिशी ओलांडल्यावर धावायला लागले. माहेर गोंदिया शहरातलं. कॉलेजात असताना मैत्रिणींबरोबर नागऱ्याच्या जुन्या शिवमंदिरापर्यंत सायकलने जायचे, तेवढाच काय तो व्यायाम. लग्न होऊन सालेकसा तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला आले, कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवू लागले, आणि वर्षं कशी गेली कळलं नाही. मग आधी गुडघे कुरकुरले, मग कंबर. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालण्याचा मला कंटाळा आला, म्हणून धावायला लागले.

पहिल्याच आठवड्यात दुधाचे कॅन नेणाऱ्या एका माणसाने गाडी थांबवली. "मॅडम, काऊन धावून राहिल्या? घरी कोनी बिमार आहे का?"

नाही म्हटलं, तर त्याचा विश्वास बसेना. तो थोडा वेळ माझ्या बरोबरीने हळूहळू गाडी चालवत राहिला आणि मग निघून गेला. दुपारपर्यंत ही बातमी आमच्या घरी पोचली होती.

मला वाटलं, आता मामाजी काहीतरी बोलणार. मामाजी म्हणजे माझे सासरे. पंचाहत्तरीच्या घरातले, उंच, अंगाने वाळलेले, अजूनही धानाच्या बांधावर रोज दोन फेऱ्या मारणारे. आमच्या पोवारांच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. ते बोलले खरे, पण भलतंच.

"सडकेनं कायले धावते? ट्रकचा धूर खायले? पायवाटा मेल्या का?"

मग अंगणातल्या मातीत काठीने रेघ ओढून त्यांनी मला पहिली वाट दाखवली. आमच्या शेतामागून बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवर चढायचं, मोहाच्या दोन झाडांमधून डावीकडे, नाला ओलांडला की टेकडीला वळसा. माझ्याकडे भूगोलाची पदवी होती आणि वर्गात तालुक्याचा नकाशा टांगलेला होता. त्या नकाशात यातलं काहीच नव्हतं.

त्या वर्षी मामाजींनी मला सहा वाटा दिल्या. एक धानाच्या बांध्यांमधून जायची, जिथे अरुंद धुऱ्यावर पाय नेमका टाकावा लागे. एक साजाच्या झाडांच्या जंगलातून, जिथे वाळक्या पानांवर माझ्याच पावलांचा इतका आवाज व्हायचा की मागून कोणी येतंय असं वाटे. एक चढाची होती. तिच्या माथ्यावरून पलीकडच्या छत्तीसगडातल्या टेकड्या निळ्या दिसायच्या. प्रत्येक वाटेच्या शेवटी एखादं जुनं गाव असायचं, आणि रविवारी मामाजी सडकेने मोपेडवरून आधीच तिथे पोचलेले असायचे. थर्मासमध्ये चहा आणि शेजारी कोणीतरी ओळखीचं. कधी शाळेतला मित्र, कधी सासूबाईंचा चुलतभाऊ, कधी त्यांच्याकडून बैल विकत घेतलेला माणूस. मला हळूहळू उमगलं की हे नुसते माझ्या धावण्याचे रस्ते नाहीत. सुनेला धावायला लावून मामाजी आपले सगळे जुने लोक भेटून घेत होते. मला त्यात आनंदच होता. धावून आल्यावर परक्या ओसरीवर घाम पुसत बसायचं, तांदळाचे गरम चिले आणि टमाट्याची चटणी खायची आणि दोन म्हाताऱ्यांची भांडणं ऐकायची, यासारखी रविवारची सकाळ नाही.

सहावी वाट मात्र मला पटत नव्हती. डोंगराखालच्या मोठ्या तलावाकडे जायची ती. गाडीवाट सरळ एका गावातून जात होती, पण मामाजींनी मला गावाच्या अलीकडेच उजवीकडे जंगलात वळवलं होतं. त्यात तीन किलोमीटर जास्त आणि नुसते दगड.

"गावातूनच का नको?" मी विचारलं.

"तिकडे कुत्रे लय आहेत," ते म्हणाले आणि काठी टेकून उठून गेले.

दिवाळी झाल्यावरच्या एका रविवारी मी ती वाट धरली. धान कापून झाला होता, शेतात भाऱ्यांचे पुंजणे रचलेले होते आणि हवेत ओल्या पेंढ्यांचा वास होता. मामाजींना त्या दिवशी मळणीचं काम होतं, म्हणून मी एकटीच होते. जंगलाच्या वळणावर पोचले तर पावसात वाहून आलेल्या एका झाडाने वाट अडवलेली. त्याला वळसा घालायला गेले आणि दगडावरून पाय सरकला. गुडघा चांगलाच सोलवटला. परत फिरावं तर घर आठ किलोमीटर, आणि गावातली कौलं समोर दिसत होती. मी लंगडत गावात शिरले.

कुत्रा एकच होता. म्हातारा, उन्हात पडलेला. त्याने एक डोळा उघडून बंद केला.

गाव फार सुंदर होतं. पिंपळाखाली जुने कोरीव दगड उभे होते, त्यांच्यावरचे घोडेस्वार झिजून गुळगुळीत झालेले. त्यांच्यापुढे कोणीतरी ताजी झेंडूची फुलं ठेवली होती. बाजूला दगडी पायऱ्यांची लहान विहीर. भिंती पिवळ्या-निळ्या रंगवलेल्या, अंगणं सारवलेली. एका अंगणात एक म्हातारी सुपात तांदूळ पाखडत होती. तिने माझी पँट पाहिली, गुडघ्याचं रक्त पाहिलं आणि सूप खाली ठेवलं.

"पडली का? ये, बस इथं."

तिने पाणी आणलं, जखम धुतली, आत जाऊन वाटीत हळद कालवून आणली आणि माझ्या गुडघ्यावर जाड थापली. हात खरखरीत होते, पण लागू न देता काम करत होते.

"कोनाची सून आहे?" तिने विचारलं.

मी गावाचं नाव सांगितलं, मामाजींचं नाव सांगितलं. तिचा हात थांबला. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. नाक मामाजींचंच होतं, कपाळही त्यांचंच. ते मला तेव्हा दिसलं.

"म्हणजे तू ती नवरी," ती म्हणाली. "तुझ्याच लग्नात माझा भाऊ मले विसरला."

आमच्या नात्यात एक 'डोंगराकडच्या आत्याबाई' आहेत आणि त्या येत नाहीत, एवढंच मला चौदा वर्षं माहीत होतं. बाकीचं त्यांनी त्या दिवशी सांगितलं. नवरदेवाला पहिली हळद लावायचा मान आत्याचा. हळदीच्या सकाळी त्यांची बस फाट्यावर बंद पडली. त्या डोक्यावर पिशवी घेऊन उन्हातून चालत मांडवापर्यंत आल्या, तर हळद लागून गेली होती. मुहूर्त टळेल म्हणून कोणी थांबलं नव्हतं. त्या पाणीही न पिता परत फिरल्या. नंतर भावाने समजूत काढायला यायला हवं होतं, तो आला नाही. तो म्हणाला, हिने आदल्या दिवशीच यायला हवं होतं. दोघंही आपापल्या जागी बसून राहिले.

बोलता बोलता त्यांनी वाटीत उरलेली हळद बोटावर घेतली आणि माझ्या दोन्ही गालांना लावली. "भाच्याले नाही तर भाचसुनेले तरी लागली," त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसायला लागल्या. मीही हसले. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी गुडघ्यावर ढकललं.

त्यांच्या नातवाच्या फोनवरून नवऱ्याला बोलावलं. तो गाडी घेऊन आला तो फाटकापाशीच थबकला. त्याने वाकून पाया धरले तेव्हा आत्याबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "लय जाडा झाला." बास, एवढंच.

घरी आलो तर मामाजी ओसरीवर होते. गालांवरची हळद मी मुद्दामच धुतली नव्हती. त्यांनी ती पाहिली.

"मामाजी, गावात एकच कुत्रा आहे," मी म्हटलं.

आठवडाभर त्यांनी वाटेचा विषय काढला नाही. सासूबाई मला खुणेने सांगायच्या, राहू दे. शनिवारी संध्याकाळी मात्र त्यांनी मोपेड पुसायला घेतली. पांढरं धोतर काढून ठेवलं. सासूबाईंनी न विचारताच नवीन लुगड्याची घडी त्यांच्या पिशवीत घातली.

रविवारी मी सरळ गावातल्या वाटेने धावले. गुडघा दुखत होता, म्हणून बरीचशी चाललेच. मामाजी माझ्या आधी पोचले होते, पण पिंपळाखालीच गाडी लावून उभे होते. एकट्याने त्यांना पुढे जाववेना. मी आल्यावर ते माझ्यामागून चालत आले.

आत्याबाई अंगणातच होत्या. भावाला पाहून त्या उठल्या नाहीत. हातातलं काम तसंच चालू ठेवून म्हणाल्या, "काऊन, बस लेट झाली का?"

मामाजींनी चप्पल काढली. "हो बाई," ते म्हणाले. "लय लेट झाली."

मग त्यांनी वाकून बहिणीचे पाय धरले आणि लवकर सोडले नाहीत. मी विहिरीकडे पाणी पाहायला निघून गेले. परत आले तेव्हा दोघं भांडत होते, लहानपणी आंब्यावरून कोण पडलं होतं यावरून.

जेवण झाल्यावर आत्याबाई म्हणाल्या की तलावाची भावाने दाखवलेली वाट चुकीची आहे, खरी वाट देवीच्या देवळामागून आहे. मामाजी म्हणाले, ती कधीच बुजली. आत्याबाईंनी पदर खोचला आणि चालायला लागल्या. काटे बाजूला सारत, फांद्या धरत त्या म्हातारीने आम्हाला अर्ध्या तासात तलावाच्या पाळीवर आणून उभं केलं. पलीकडे डोंगर सरळ पाण्यातून उठल्यासारखा उभा, आणि उथळ काठाला बगळे.

"आता धाव," आत्याबाई मला म्हणाल्या. "कशी धावते ते पाहू दे."

गुडघ्याला पट्टी होती, पोटात दोन वाढणी भात होता. तरी मी पाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावले. मागे वळून पाहिलं तर ती दोघं मोठ्या दगडावर शेजारी शेजारी बसली होती आणि हात वर करून मला सांगत होती, आणखी पुढे जा, पुढेही वाट आहे.