गाळलेली पानं

नवं शतक लागलं त्या वर्षीच्या मार्चात बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पावसला आमच्या घरामागची आंब्याची कलमं तोडणीला आली होती, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की महिनाभर वाकायचं नाही, वाचायचं नाही. तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलेला माणूस काळा चष्मा लावून ओटीवर बसला आणि दुसऱ्याच दिवशी पंख्याच्या आवाजावरून भांडू लागला.

"तू त्यांना कायतरी वाचून दाखव गो," आई मला म्हणाली, "नायतर मीच पळून जाईन."

मी तेव्हा कॉलेजात होते. रत्नागिरीच्या वाचनालयातून आणलेली एकच कादंबरी माझ्याजवळ होती. परग्रहावर उतरलेलं यान, त्याच्या इंधनाची गणितं, आणि मधूनच बोलणारी झाडं नि तिथली जमीन राखणारी एक म्हातारी. मी ती दोनदा वाचली होती आणि माझा तिच्यावर भारी जीव होता. पण नववीत असताना असलंच एक पुस्तक माझ्या हातात बघून बाबा कडाडले होते, "विज्ञान तरी वाच, नायतर परीकथा तरी. ही भेसळ कशाला?" तेव्हापासून मी असली पुस्तकं वहीखाली लपवून वाचत आले. आता ते आयते माझ्या तावडीत सापडले होते. त्यांना ही गोष्ट आवडावी, एवढंच मला हवं होतं.

म्हणून मी लबाडी केली. झाडं बोलू लागली की पान उलटायचं, म्हातारी आली की प्रकरणच गाळायचं. बाबा मान डोलवत ऐकायचे. इंधनाच्या गणितात त्यांनी एक चूकही काढली आणि दिवसभर खुशीत होते.

चौथ्या दिवशी यान बंद पडलं आणि माझ्या कृपेने पुढच्याच वाक्याला चालू झालं.

"थांब. चालू कसं झालं?"

"दुरुस्त केलं असेल."

"बिघडलं काय होतं? लिहिलं नाय?"

"नाही."

"मग लिहिणारा कच्चा आहे," बाबांनी निकाल दिला. मला ते फार लागलं. चोरी माझी आणि शिक्षा त्या बिचाऱ्या लेखकाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोडणी सुरू व्हायची होती. बाबांनी हाक मारून माझ्या हातात नारळ दिला. "मला वाकायचं नाय. बांधाजवळच्या दगडाशी तू ठेव. म्हणावं, आजपासून आंबा काढतो, सांभाळून घे."

तो दगड आमच्या बागेच्या जागेवाल्याचा, जागा राखणाऱ्या देवाचा. त्याला विचारल्याशिवाय पहिला आंबा उतरवायचा नाही, ही पद्धत. दरवर्षी बाबाच नारळ ठेवायचे, आणि त्यात मला कधी काही वेगळं वाटलं नव्हतं. मी नारळ ठेवला, सांगितलेले शब्द म्हटले आणि तिथेच खुदकन हसले. कादंबरीतल्या लोकांचं नेमकं हेच चुकलं होतं! त्यांनी न विचारता फळं तोडली, म्हणून यान बंद पडलं. म्हातारीची परवानगी मागितली, तेव्हा ते हललं.

दुपारी मी काही न सांगता ते गाळलेलं प्रकरण वाचलं. बाबा पाठ ताठ करून ऐकत होते.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "दुसऱ्याची जागा. विचारायला नको?" मग माझ्याकडे वळून, "हे काल का नाय वाचलंस?"

"तुम्ही रागवाल म्हणून."

बाबांनी मान बागेकडे वळवली. मागे बागेत गड्यांच्या हाका चालल्या होत्या.

"शाळेत पोरं मला घाबरायची, ते मला बरं वाटायचं," ते म्हणाले. "घरात तू पण घाबरतेस, हे मला ठाऊक नव्हतं गो."

नाही हो बाबा, असं म्हणायला हवं होतं. पण ते खोटं झालं असतं. मला त्यांची फार दया आली आणि स्वतःचीही. मी पुस्तकात बोट घालून तशीच बसून राहिले.

बाबांनी हात पुढे करून पुस्तक चाचपलं, माझं बोट बाजूला केलं आणि ते मिटलं.

"पहिल्या पानापासून घे," ते म्हणाले. "झाडं काय बोलतात ते पण वाच."