गढूळ पाण्यासमोर बसणारे अण्णा

साऱ्या जगाला निवळ पाणी आवडतं. आमच्या अण्णांना गढूळ. बंगलोरजवळच्या आनेकलमधल्या त्यांच्या छोट्याशा कारखान्यात खिडकीपाशी काचेच्या दोन उंच नळ्या उभ्या असत. दोन्हींत तीच राणी रंगाची पूड, तेच पाणी. फक्त एकीत आमच्या कारखान्यातल्या तपकिरी द्रवाचे चार थेंब. थेंब नसलेल्या नळीतला रंग बघता बघता तळाशी बसे आणि वरचं पाणी स्वच्छ होई. दुसरी मात्र उन्हं कलली तरी तशीच गढूळ, गुलाबी. अण्णा तिच्यासमोर स्टूल ओढून बसत, आणि बसले की बसलेच. जेवायला हाक मारली तर म्हणत, ‘‘स्वल्प थांब गं. अजून तरंगतंय.’’

त्यांचं घराणं बंगलोरच्या बसवनगुडीत कितीतरी पिढ्या राहिलेलं, त्यामुळे त्यांची मराठी निम्मी कन्नडच. मी नागपूरची, नवऱ्याच्या बदलीपायी बंगलोरला आलेली. रसायनशास्त्राची पदवी होती, पण कन्नड येत नव्हतं, म्हणून कुणी दारात उभं करत नव्हतं. अण्णांनी एकच प्रश्न विचारला, ‘‘नुसतं बघत बसायला जमतं का?’’ मी म्हटलं, त्यात तर माझा हात कुणी धरणार नाही! झालं, नोकरी लागली. माझं नाव त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही. ‘‘नागपूर, इकडे ये,’’ अशीच हाक.

अण्णांना डांबरगोळ्यांचा वास येई. येणारच, आमचा माल त्याच नॅफ्थलीनपासून व्हायचा. ते आम्लात शिजवायचं, त्यात फॉर्मॅलिन घालायचं आणि शेवटी कॉस्टिक सोड्याने शांत करायचं. बसमध्ये त्यांच्या शेजारची जागा हमखास रिकामी राही. ‘‘बघ, मला कसर लागायची नाही,’’ ते ऐटीत सांगत. मी नाकाला पदर लावून हसायची.

माल काय करतो, हे ते कुणालाही समजावत, रिक्षावाल्यालासुद्धा. पॉलिस्टरचा रंग पाण्यात विरघळत नाही. त्याची बारीक पूड पाण्यात तरंगत ठेवावी लागते. कण एकमेकांना चिकटले की साडीवर ठिपके पडलेच म्हणून समजा. आमचा द्रव कणाकणावर चढतो, प्रत्येकाला सारखाच विद्युतभार देतो, मग ते एकमेकांना दूर लोटत राहतात. ‘‘इथल्या शिवाजीनगरच्या बसमधल्या बायकांसारखे,’’ अण्णा म्हणत, ‘‘सरक की जरा, सरक की जरा!’’ हाच माल कातड्याच्या कारखान्यात जाई, पिकांवर फवारायच्या पुडीत जाई, रबरात जाई. आणि सिमेंटमध्ये. तिथे तो घातला की कमी पाण्यातही काँक्रीट पळीवाढ्या पिठासारखं ओतता येतं, आणि पाणी कमी म्हणून स्लॅब जास्त मजबूत होतो. तेव्हा शहरात जिकडेतिकडे इमारती चढत होत्या. अण्णा रस्त्यातच थांबत, एखाद्या नव्या खांबावर तळवा ठेवत आणि डोळे मिटून म्हणत, ‘‘साडीतून आपण धुऊन जातो. यात राहतो.’’ वॉचमन डोळे वटारून बघायचा आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

त्यांना एकच मुलगी, पुट्टी. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे घरात बापलेक दोघंच. पुट्टीलाही रसायनशास्त्राचं वेड; तिला अमेरिकेत पुढे शिकायला जागा मिळाली. ती होकार मागायला आली की अण्णा म्हणत, ‘‘स्वल्प थांब. बघूया.’’ कळवायची मुदत संपत आली, तरी त्यांचं बघूयाच चाललेलं. पोर वाळत चालली होती. मला बघवत नव्हतं, पण बोलणार कोण?

त्याच सुमारास जवळच्या एका कापड रंगवायच्या कारखान्यातून कापडावर ठिपके पडल्याची तक्रार आली. अण्णांनी ती फार मनाला लावून घेतली. दुसऱ्या खेपेला मला घेऊन स्वतः गेले आणि आमचा माल दुप्पट ओतायला लावला. यंत्राचं झाकण उघडलं. ठिपका एकही नव्हता. पण कापड! अगदी फिकं, आजारातून उठल्यासारखं. आणि उरलेलं पाणी मात्र काय सुंदर राणी रंगाचं!

‘‘जास्त झालं, अण्णा,’’ मी म्हटलं. ‘‘रंग पाण्यातच राहिला. कापडावर गेलाच नाही.’’

मालक कन्नडमध्ये ओरडत होता, आणि त्याचं काही चुकत नव्हतं. अण्णांना ते ऐकूही येत नसावं. ते नालीतून वाहून जाणाऱ्या त्या गुलाबी पाण्याकडे बघत उभे होते. परतताना बसमध्ये त्यांच्या मांडीवर त्या कापडाचा तुकडा होता. त्यावरून हात फिरवत म्हणाले, ‘‘मी धरूनच बसलो, नागपूर. सोडायचं असतं तेव्हा सोडायला पाहिजे.’’ मला वाटलं, मालाबद्दलच बोलतायत.

त्यांच्या घरी पोचलो तर पुट्टीने दार उघडलं. चपला काढायच्या आधीच अण्णा म्हणाले, ‘‘सरी, ठीक आहे, पुट्टी. जा तू. तिकीट काढ.’’ एवढं बोलून आत गेले. विमानतळावरही ते लांब, एका खांबाला तळवा टेकून उभे होते.

पुढे बऱ्याच वर्षांनी अण्णा गेले. पुट्टी आली, पण उशिरा पोचली. संध्याकाळी त्यांच्या खोलीत मला म्हणाली, ‘‘अक्का, त्या दिवशी अण्णा माझ्यावर रागावले होते ना? जन्मभर स्वल्प थांब म्हणणारा माणूस एकदम जा म्हणाला. कंटाळले होते का माझ्या हट्टाला? मला कधी विचारायचा धीर झाला नाही.’’

अस्सा राग आला मला अण्णांचा! काँक्रीटच्या खांबांशी बोलत होता, आणि लेकीला एवढं सांगता येऊ नये? त्यांच्या रेडिओवर ते फिकं कापड अजून पांघरलेलं होतं. मी ते काढून तिच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं: यंत्राचं झाकण, नालीतलं पाणी, बसमधलं बोलणं.

तिने कापड नाकाशी धरलं. डांबरगोळ्यांचा वास अजून होता. मी उठू लागले तशी तिने माझा पदर धरला.

‘‘स्वल्प थांब, अक्का,’’ ती म्हणाली. ‘‘पहिल्यापासून परत सांग.’’