गच्चीवरची एक दोरी

ह्यांचं डावं अंग गेलं त्याच वर्षी आमच्या इमारतीच्या गच्चीवर सौर पॅनेल बसले. कपड्यांची सावली पडते म्हणून तिथल्या दोऱ्या काढल्या आणि दाराला कुलूप घातलं. गॅलरीतून कपडे बाहेर टाकायला बंदी आधीपासूनच होती. सोलापुरात कपडे वाळायची काळजी करावी लागेल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण आमचा फ्लॅट उत्तरेला, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत, आणि ह्यांचं सगळं अंथरुणातच व्हायचं. रोज ढीगभर चादरी निघायच्या.

पुण्याच्या मुलानं कपडे वाळवायचं मशीन पाठवलं. ते चालू केलं की घराची भट्टी व्हायची. एप्रिल होता. ह्यांची पाठ आधीच सोलवटलेली, ती घामानं आणखी चिघळायची. बाहेर दगड तापलेले आणि मी घरात वीज जाळून ऊन तयार करत होते. एका दुपारी ह्यांनी उजवा हात मशीनकडे केला. जीभ जड झाली होती, तरी स्वच्छ म्हणाले, "बंद कर." त्यानंतर मी ते लावलं नाही.

मी चेअरमनकडे गेले. "टाकीच्या मागं पॅनेल नाहीत. तिथं एक दोरी बांधू द्या. सावली कशावरच पडणार नाही."

"एकाला दिलं की सगळे मागतील, काकू," ते म्हणाले. "मीटिंगमध्ये ठेवू."

मीटिंगमध्ये मला आधार वाटत होता तो खालच्या मजल्यावरच्या मैत्रिणीचा. आम्ही एकाच वर्षी इथं राहायला आलो. तिच्या घरात तेलुगू, माझ्या घरात कन्नड, आणि आमचं भांडण-हसणं सगळं मराठीत. ती मला अक्का म्हणायची. तिच्या मुलीच्या लग्नात घराची किल्ली माझ्या कमरेला होती.

चेअरमननी विषय काढला. पहिली तीच बोलली, माझ्याकडे न बघता.

"अक्का, राग मानू नका. पण त्या चादरी जिन्यातून न्यायच्या म्हणजे वास येणार. लोकांकडे पाहुणे येतात."

"धुतलेल्या चादरींना वास?"

"तुम्हाला सवय झालीय, म्हणून कळत नाही."

दोघातिघांनी माना डोलावल्या. पुढचा विषय पार्किंगचा होता.

मग मी घरातच उपाय काढले. जाड चादरी कपाटात ठेवल्या आणि माझ्या जुन्या सुती साड्या फाडून ह्यांच्या अंगाखाली घालायला लागले. पातळ कापड लवकर वाळतं. धुण्याच्या मशीनमध्ये दोनदा पिळून काढायचं, मग कोरड्या टॉवेलात गुंडाळून वर गुडघ्यानं दाब द्यायचा. दोरीवर एकावर एक न टाकता मधे वारा जाईल एवढी जागा सोडायची. समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या की पंखाही लागत नसे. उन्हाळा असा निभावला. पावसाळ्यात मात्र काहीच उपयोग होईना. कापड दमट राहायचं, आणि तेच मला ह्यांच्या पाठीखाली घालावं लागायचं. कूस वळवताना ते डोळे मिटून घ्यायचे. तक्रार कधी केली नाही.

श्रावणात ते गेले. मैत्रीण आली, माझ्या गळ्यात पडून मोठ्यानं रडली. मी तिला रडू दिलं. मला रडू येत नव्हतं.

दिवाळीनंतर तिची मुलगी बाळंतपणाला आली. बाळ झालं आणि आठवड्याच्या आतच टाकीच्या मागं दोरी बांधली गेली. तिच्यावर लंगोट, दुपटी, झबली. त्यासाठी मीटिंगसुद्धा घेतली नव्हती. गच्चीची किल्ली चेअरमननी स्वतः नेऊन दिली. खाली गेटपाशी भेटले तेव्हा मी त्यांना विचारलं.

"बाळाचं आहे हो, काकू," ते म्हणाले. "त्याला कोण नाही म्हणणार?" अगदी प्रेमानं म्हणाले. आपण काही वावगं बोललो असं त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

चार दिवसांनी मैत्रीण दारात आली. "अक्का, दोरीवर जागा आहे की. तुमचे पण टाकत जा."

"माझे आता असतात किती."

"अजून मनात ठेवलंय होय?"

"होय," मी म्हणाले.

तिनं पदर सारखा केला आणि खाली निघून गेली. लोक म्हणतात, या वयात एवढं धरून बसू नये. त्यांनी ह्यांची पाठ बघितलेली नाही.

बाळ आता बसायला लागलंय. त्याची आई त्याला कडेवर घेऊन जिन्यात भेटते, आणि ते माझ्याकडे बघून हसतं, दोन्ही हात पुढं करतं. त्याचा काही दोष नाही, एवढं मला कळतं. तरी माझे हात पुढं होत नाहीत. मी कठड्याला धरून बाजूला होते, त्यांना जाऊ देते.