पडणार म्हणाले ते घर

माझं अक्षर कोंबडीने उकिरडा उकरल्यासारखं आहे. ऱ्हस्व-दीर्घ तर मला चौथीतही जमलं नाही. गुरुजी माझ्या वेलांट्यांना कंटाळले, आणि पाचवीत जायच्या आधी वडिलांनी शाळाच सोडवली. तेव्हा चुकांबद्दल आधीच माफी मागते, जरी हे कोणाला दाखवायचं नसलं तरी. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण समोरच्या ओट्यावरच्या माणसांविषयी मला जे वाटतं ते कुठेतरी उतरवलं पाहिजे. पोटात ठेवलं तर नासेल.

लग्न होऊन इंदापूरहून बारामतीला आले तेव्हापासून आम्ही भाड्याच्या घरात. आमचे हे गुळाच्या अडतीवर ढेपांची वजनं मांडून घ्यायचं काम करतात. नव्या घरात गेलं की माझं पहिलं काम चूल घालायचं. माती आणायची, शेण-राख कालवायची, थापायची, वाळवायची. कुठे ती नीट जळायला लागली, धूर कमी झाला, की मालकाला नेमकं आठवायचं की पुतण्याचं लग्न ठरलंय, घर रिकामं करा. भांडी नेता येतात, पोरं नेता येतात, चूल उचलून नेता येत नाही. तिसऱ्या घरी चूल घातली तेव्हा मी मनाशी म्हटलं, आता ही सोडायची नाही.

ते घर माळवदाचं, दोन खणांचं, हातभर रुंद भिंतींचं. मालकीण म्हातारी, कानाने फार कमी, मागच्या खोलीत एकटीच राहायची. उन्हाळ्यात एकदा मला जवळ बसवून म्हणाली, "पोरी, मी आता नरसिंहपूरला भनीकडं जाणार. घर इकायचं हाय. गुळाचा व्यापारी मागतोय गोदामाला. पर तुमी घेत असाल तर पयला मान तुमचा. निम्मं आता द्या, निम्मं सवडीनं."

निम्मे पैसे आमच्याकडे होते. मला वाटलं, झालं. पण यांनी विचार घ्यायचं ठरवलं, आणि विचार घ्यायला गेले कुठे, तर समोरच्या ओट्यावर.

त्या ओट्यावर तिघे बसत. एक पेन्शनीत निघालेला तलाठी, त्याला सगळे तात्या म्हणत. एक शिंपी, ज्याच्या मशीनपेक्षा तोंड जास्त चालायचं. तिसरा काय करायचा ते मला आजवर कळलं नाही. तो मान हलवायचा. स्वतःच्या घरात मीठ कुठल्या डब्यात आहे ते ज्यांना ठाऊक नाही, ते तिघे रोज संध्याकाळी तालुक्याचं भविष्य सांगत.

"सणसरच्या अंगाला साखर कारखाना निघतोय," तात्या म्हणाला. मी दाराआड उभी होते. "ऊस सगळा तिकडं. मग गूळ कोण करतंय? गूळ न्हाय तर अडत न्हाय, अडत न्हाय तर पेठ न्हाय. घरं मातीमोल हुणार. भाव पडणार. थांब लेका."

"लई पडणार," शिंपी म्हणाला.

तिसऱ्याने मान हलवली.

हे घरी येऊन म्हणाले, "थांबू. तात्या कागदातला माणूस हाय."

कागदातला! जन्मभर लोकांच्या सातबाऱ्यावर रेघा ओढल्या म्हणून तो कागदातला. यांना अडतीची नोकरी जायची भीती होती हे मला कळत होतं, आणि भ्यालेल्या माणसाला शहाणपण शिकवणं मला जमत नाही. पण तात्याला काही भीती नव्हती. त्याला आपला अंदाज खरा व्हायला हवा होता, मग त्याखाली कोणीही गाडलं जावो.

सगळा पावसाळा तेच. संध्याकाळ झाली की तिघे बसणार, आमच्या घराकडे हनुवटी करणार आणि म्हणणार, पडणार. आज नाही तर उद्या पडणार. दिवाळीपर्यंत नक्की पडणार. म्हातारी उंबऱ्यात बसून धान्य निवडायची आणि त्यांच्या तोंडांकडे बघायची.

मग एका सकाळी सुतार आला. म्हातारीने त्याला बाभळीचे दोन जाड टेकू आणायला लावले आणि रस्त्याकडच्या भिंतीला ठोकून बसवले. पेठेत जाणारा येणारा थांबून बघायला लागला. गुळाचा व्यापारी आला, टेकूंकडे बघितलं, पान थुंकला आणि गेला. पुन्हा काही त्याने गोदामाचं नाव काढलं नाही.

तात्याला तर सोनं सापडलं. "बघा! म्हणालो न्हवतो? भिताड झुकलंय. मला कवाच दिसलं हुतं."

ती भिंत दर आठवड्याला मी सारवत होते. ती झुकली असती तर माझ्या हाताला कळलं नसतं? पण यांना तात्याच्या डोळ्यांनीच दिसायचं. म्हणाले, "आता घाई कशाला? जुन्या लाकडाच्या भावात मिळंल. अजून थांबू."

जिथे आपण राहतो ते घर पडतंय असं एकीकडे मानायचं, आणि दुसरीकडे त्याच घरात पोरं निजवून स्वस्ताईची वाट बघायची! त्या दिवशी मला यांचाही राग आला. राग म्हणजे कीव आली.

दुपारी मी म्हातारीकडे गेले. "आजी, टेकू कशाला लावले?"

तिला ऐकू गेलं नाही. पुन्हा जोराने विचारलं.

"कशाला म्हंजे? समोरचं रोज सांगत्यात की, पडणार, पडणार म्हणून. दिवाळीपतूर पडणार म्हणत्यात. तलाठी माणूस, सरकारात हुता. उगी बोलंल व्हय?"

मला आधी हसूच आलं. मग वाटलं, ही बिचारी रात्रभर माळवदाकडे बघत पडत असेल. मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "घर न्हाय आजी, भाव!"

"आं?"

"भाव! घराचा भाव पडणार म्हणत्यात!"

"कुणाचा भाऊ?"

तेव्हा मी जन्मात कधी ओरडले नव्हते इतक्या मोठ्याने ओरडले. "आजी, घर पडत न्हाय! ते तात्या भाव पडणार म्हणत्यात! भिंत धड हाय! भिंतीला काय बी झालं न्हाय!"

"भाव? माझं घर म्हंजे काय वांगी हाईत व्हय, रोज भाव पडाया?" आणि ती बोळकं उघडून हसायला लागली. हसता हसता थांबली. "सुताराचं पैसं गेलं की गं! मुडदा बशिवला त्यांचा."

बाहेर बघते तर सगळी पेठ गप्प. बाजाराची सुट्टी होती, आमचे हे ओट्यावरच होते. माझं ओरडणं सगळ्यांनी ऐकलं होतं. पहिला शिंपी हसला. मग पानवाला, मग रस्त्यातले लोक. "तात्या, तुमच्या तोंडाला टेकू लावा की!" कोणीतरी म्हणालं. तात्या चपला शोधत उठला आणि जाता जाता यांना म्हणाला, "बाईमाणसानं असं वरडू नये." तिसऱ्याने त्यावरही मान हलवली.

मी चुलीपाशी जाऊन बसले. लाजेने कान तापले होते. हे आले. भिंतीवर हात फिरवून बघितला. मग म्हणाले, "आजीला सांग, उद्या विसार देतो."

म्हातारीने पहिलाच आकडा धरला, एक पैसा कमी केला नाही. फक्त म्हणाली, "टेकू तुमीच काढा. लाकूड तुमचं." बाभूळ छान जळते. त्या थंडीत दोन्ही टेकू मी माझ्या चुलीत घातले.

कारखाना निघाला. गूळही राहिला, अडतही राहिली. कारखान्याच्या कामाला माणसं आली आणि पेठेत भाड्याने खोली मिळेना. तात्याने मात्र भाव पडायच्या आत शहाणपणा करून स्वतःचं घर विकून टाकलं होतं, त्याच गुळाच्या व्यापाऱ्याला, गोदामासाठी. आता तो भाड्याने राहतो. ओट्यावर अजून येतो. अजून पडणार म्हणतो. त्याची कीव करावी असं कोणी म्हणेल, पण मला येत नाही.

म्हातारी ठरल्याप्रमाणे नरसिंहपूरला गेली, आणि राहिलेले पैसे आम्ही जमेल तसे देत गेलो. इंदापूरला माझ्या बहिणीकडे मुक्काम करायचा आणि सकाळी नरसिंहपूरची वाट धरायची. परवा शेवटची खेप. म्हातारी दारात ऊन खात बसली होती. मला ओळखलं आणि तिनेच विचारलं, "काय म्हणतोय गं तुझा तात्या?"

मी तिच्या कानाशी ओरडले, "पडणार म्हणतोय!" आता मला तिच्यापाशी ओरडायची लाज वाटत नाही.

"पडू दे मुडद्याला," ती म्हणाली.

मी पैसे तिच्या हातावर ठेवले. तिने मोजले नाहीत. कपाळाला लावले, पदराच्या गाठीत बांधले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "फिटलं," म्हणाली.