आमच्या घराबद्दल त्याने लिहिलेलं

जंगलाच्या गेटजवळच आमचं घर. वाघ पाहायला येणाऱ्यांना आम्ही घरातल्या मागच्या खोल्या राहायला देतो. स्वयंपाक माझ्याकडे, पाहुण्यांची उठबस नवऱ्याकडे. लोक मोबाइलवरचे रिव्ह्यू वाचूनच यायचे आणि जाताना चांगलं लिहून जायचे.

एका वर्षी दिवाळीनंतर, ऐन हंगामात, एकेका स्टारचे रिव्ह्यू पडायला लागले. उशीखाली विंचू निघाला. भाजीत अळ्या होत्या. असलं लिहिणाऱ्यांपैकी कोणी आमच्याकडे कधी उतरलंच नव्हतं. मग एका बाईच्या नावाने आला: ‘मालक पिऊन येतो आणि रात्री खोलीचं दार वाजवतो.’

माझे सासरे दारूनेच गेले. नवरा दारूला शिवतसुद्धा नाही. तो रिव्ह्यू वाचल्यापासून तो पाहुण्यांसमोर यायचाच बंद झाला. खोलीत बाई असली, की पाण्याचा जग दाराबाहेर ठेवून परत फिरायचा. पुढे पुढे पाहुणेही येईनात.

त्या दिवसांत आमच्यामागे उभा राहिला तो नवऱ्याचा लहानपणापासूनचा मित्र. तो जिप्सी चालवायचा. आमच्या पाहुण्यांना जंगलात तोच न्यायचा. सासरे गेले तेव्हा तिरडीला खांदा द्यायलाही तो होता. रिव्ह्यू वाचून तो म्हणाला, “वयनी, तुमी काऊन घाबरून राह्यल्या? मी हाय ना.” आणि मला स्वतःच्या गाडीवर बसवून पोलीस ठाण्यात घेऊन गेला.

साहेबांनी अर्ज घेतला. म्हणाले, “बाई, बदनामीच्या तक्रारीवर आम्हाला थेट तपास करता येत नाही. कोर्टात जावं लागेल.” परतताना तो म्हणाला, “कोर्टाच्या भानगडीत नोका पडू वयनी. लोकं इसरून जाते.” मला ती माया वाटली.

तरी मी चंद्रपूरला एका वकीलबाईंना गाठलं. त्यांनी सगळे रिव्ह्यू वाचून काढले. एकावर बोट ठेवून विचारलं, “दोन दिवस पाणी नव्हतं, असं लिहिलंय. खरं आहे?”

“खरं आहे. मोटार जळली होती.”

“मग याला हात लावायचा नाही. खरं लिहिणं हा त्यांचा हक्क आहे. खाली माफी मागा. बाकीच्यांचे तारखेसकट स्क्रीनशॉट काढा, लिंक जपून ठेवा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जाऊ. नाही ऐकलं तर दिवाणी दावा करू. लिहिणारा कोण ते कंपनीने सांगावं, मजकूर काढावा, असा आदेश कोर्टाकडून मागता येतो. नुकसानभरपाईही मागता येते. फौजदारी तक्रारीची वाटही मोकळी आहे, पण आधी माणूस कळू दे.”

कंपनीकडून ठरावीक साच्यातलं उत्तर आलं, की तुमच्या तक्रारीतला मजकूर आमच्या नियमांत बसतो. आम्ही दावा लावला. तारखा पडत गेल्या, हंगाम हातचा गेला. शेवटी कोर्टाने आदेश दिला आणि कंपनीकडून माहिती आली. नावं वेगवेगळी होती, पण सगळी खाती एकाच मोबाइल नंबरावर उघडलेली.

वकीलबाईंनी नंबर वाचून दाखवला. “ओळखीचा आहे का?”

नवरा म्हणाला, “नाई.”

मी त्याच्याकडे पाहिलं. तो खाली फरशीकडे बघत होता. पाहुणे आले की त्याच नंबरावर फोन लावून आम्ही जिप्सी बोलवायचो.

“ओळखीचा आहे,” मी म्हटलं.

कोर्टाची नोटीस मिळाल्यावर नवऱ्याचा तो मित्र आमच्या अंगणात आला. बसला नाही. म्हणाला, “रोडवरच्या नव्या रिसॉर्टवाल्यानं सांगतलं होतं, तुह्या गाडीले सीझनभर पाहुणे देतो. तुमचं घर बंद पाडाचं नोतं, वयनी.”

मी विचारलं, “आणि दारूचं? तेही त्यानेच सांगितलं?”

रिसॉर्टवाल्याला आमच्या घरातलं काय ठाऊक असणार? नवऱ्याला कुठे लागेल, ते यालाच माहीत होतं.

नवरा म्हणाला, “जाऊ दे, दावा मागं घे. त्यानं माह्या बापाले खांदा देल्ला.” त्या संध्याकाळी आम्ही पहिल्यांदा एवढं भांडलो. मी म्हटलं, “खांदा दिला म्हणूनच मागे घेत नाही. परक्याने लिहिलं असतं तर कदाचित घेतला असता.”

शेवटी कोर्टासमोर तडजोड झाली. त्याने सगळं आपणच खोटं लिहिल्याचं कबूल करून सही केली आणि मजकूर काढून टाकला. नुकसानभरपाईवर मी पाणी सोडलं. रिसॉर्टवाल्याविरुद्ध हातात पुरावा नव्हता. तो सुटला.

पाहुणे हळूहळू परत येऊ लागले. गावातले काही जण अजून म्हणतात, बाईनं नवऱ्याच्या दोस्ताले कोर्टात नेलं. त्याची जिप्सी आमच्या दारावरून जाते. नवरा अजून हात वर करतो. मी करत नाही. पाहुण्यांमध्ये नवरा आता बसतो, बोलतोही. पण संध्याकाळ झाली की बायकांच्या खोल्यांकडे तो फिरकत नाही, तिकडे मीच जाते.